करंडा, बरणी आणि पुडी



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून चालतात. आमचा विषय फलकावर लागला तेव्हा सांगवीतील एका जुन्या स्नेह्यांनी आम्हांस रस्त्यात अडवून विचारले, "स्नो-पावडरीचा आणि तुमचा संबंध काय हो?" प्रश्न रास्त होता. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. रसायनशास्त्राचा अधिकार आम्हांस नाही आणि सौंदर्यशास्त्राचा तर नाहीच नाही. तथापि हा विषय आम्ही निवडलेला नसून तो आमच्या कचेरीत चालत आला, ही गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

दोन वर्षांमागे एका संध्याकाळी चाकणच्या बाजूला पॅकिंगचे काम करणारी एक कंत्राटी मुलगी कचेरीत आली. तोंडावर ओढणी घट्ट गुंडाळलेली. पगाराची तक्रार असेल असे समजून आम्ही वही उघडली. तिने ओढणी सोडली तेव्हा दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल झालेले आणि मध्ये मध्ये काळपट डाग. स्थळ सांगून आले होते. पाहुणे पाहावयास येण्यापूर्वी चेहरा उजळावा म्हणून तिने कुणाच्या तरी सांगण्यावरून एक क्रीम आणले होते. डबीवर ना कारखान्याचे नाव, ना पत्ता. पंधरा दिवस चेहरा खरोखरच उजळला, आणि मग आग सुरू झाली. तिला आम्ही ससूनच्या त्वचारोग विभागात पाठविले. जाताना तिने विचारले, "काका, महिन्याला दोनशे रुपयांत चेहऱ्याला लावायला चांगलं काय मिळतं, ते तरी सांगा." तीस वर्षे आम्ही वेतनकरार वाचीत आलो, पण या एका साध्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. ते शोधावयास निघालो आणि शंभर वर्षे मागे जाऊन पोहोचलो. तोच प्रवास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आरंभ घरातल्या करंड्यापासून करू. आमचे वडील दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये होते आणि आई चार घरची कामे करी. तिचे सारे प्रसाधन एका पितळी करंड्यात मावत असे. एका खणात मेण, दुसऱ्यात कुंकू, आणि झाकणाच्या आत चवलीएवढा आरसा. बोटाने कपाळावर मेणाचा गोल टेकवायचा आणि त्यावर कुंकू दाबायचे. म्हणजे घामाने ते ओघळत नसे. काजळ घरचे. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरून जमलेली काजळी लोण्यात खलली की ते झाले. दिवाळीला नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद कुटून उटणे. एरवी डाळीचे पीठ. कुंचला कसला तो नव्हताच. करंगळी हाच कुंचला.

हे कुंकू येत असे सोलापूर जिल्ह्यातून. करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि पंढरपुरास कुंकू-बुक्क्याची पेठच आहे. खऱ्या कुंकवाचा जीव हळदीत. हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार यांची पुटे दिली म्हणजे पिवळ्याचे लाल होते. त्यात विष नाही, आणि गरीब बाईला ते परवडतही असे.

मात्र जुने ते सारे सोने असे म्हणावयास आम्ही धजत नाही. शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. हरताळात सोमल. डोळ्यांत घालावयाचा सुरमा हा पुष्कळदा शिशाचाच खनिज दगड दळून केलेला असे. ही सर्व द्रव्ये आपल्या आजीपणजीच्या काळी रंग म्हणून सर्रास वापरात होती. दुसरी गोष्ट हिशेबाची. घरचे उटणे फुकट पडते असे आपण म्हणतो, ते कुटणाऱ्या बाईची मजुरी कोणी धरीत नाही म्हणून. सकाळी सहाच्या कंपनीच्या बसला उभी राहणारी मुलगी आंबेहळद केव्हा कुटणार? तेव्हा "पूर्वीच्या बायका कुठे विकत आणीत होत्या?" हा प्रश्न तिला विचारणे म्हणजे आपल्या आईचे श्रम न मोजल्याची कबुली देणे होय.

आणि करंड्याला आणखीही एक काळी बाजू होती. नवरा गेला की तो करंडा हातून काढून घेतला जाई. वस्तू दोन पैशांची, पण ती वापरण्याचा अधिकार दुसऱ्याच्या आयुष्यावर टांगलेला. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवांचे कुंकू पुसण्याची आणि बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. इतक्या उशिरा का होईना, एका खेड्याने ते केले. प्रसाधन ही चैनीची क्षुल्लक बाब आहे असे मानणाऱ्यांनी या ठरावाचा विचार जरूर करावा.

आता बरणीकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी विलायती साबण, विलायती पावडर आणि विलायती क्रीम ही साहेबाच्या घरची आणि धनिकांच्या घरची वस्तू होती. स्वदेशीच्या चळवळीने हे चित्र पालटण्यास आरंभ केला. आपल्या शेजारच्या तळेगावास १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेला तो कारखाना आमच्या मते या भागातील औद्योगिक इतिहासाचे पहिले पान आहे. १९१९ च्या सुमारास आर्देशिर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. त्यामुळे शाकाहारी घरांची मोठी अडचण दूर झाली. त्याच सुमारास मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी एक पांढरे शुभ्र क्रीम तयार केले. अफगाणिस्तानचे राजे मुंबईस आले असता त्यांना ते पाहून आपल्या देशातील बर्फ आठवले आणि म्हणून त्यास 'अफगाण स्नो' हे नाव पडले, अशी हकीकत सांगतात. भायखळ्यास पाटणवालांच्या नावाचा रस्ता आजही आहे. पुढे क्रीमला 'स्नो' म्हणण्याचा प्रघातच पडला. आमच्या लहानपणीही बायका कोणत्याही क्रीमला स्नोच म्हणत.

या स्नोच्या बरणीत असते तरी काय? आम्ही एका औषध कारखान्यातील निवृत्त केमिस्टकडे जाऊन बसलो आणि शिकून घेतले. शंभर भागांत सुमारे सत्तर ते पंचाहत्तर भाग पाणी. पंधरा-वीस भाग स्टिअरिक आम्ल, म्हणजे मेणबत्तीत वापरतात तेच. थोडे ग्लिसरीन, चिमूटभर क्षार आणि सुगंध. क्षार आणि आम्ल यांचा थोडा साबण होतो आणि तो पाण्यात उरलेले आम्ल धरून ठेवतो. चेहऱ्यावर चोळले की पाणी उडून जाते आणि अतिशय पातळ थर राहतो. म्हणूनच ते 'नाहीसे' होते. ही कृती गुपित नाही आणि माल महाग नाही. मग बरणी महाग का? कारण आपण किंमत देतो ती बरीचशी काचेची, खोक्याची, जाहिरातीची आणि दुकानदाराच्या कमिशनची. आम्ही कारखान्यांचे ताळेबंद वाचणारे लोक. हे कळल्यावर आमच्या मनावरचे बरणीचे दडपण बरेच उतरले. महाग म्हणजे उत्तम हा नियम या धंद्यात लागू पडत नाही. मात्र स्वस्त म्हणजे निर्धोक हाही नियम नाही, आणि आमच्या मुलीचा घात झाला तो तिथेच.

स्वातंत्र्यानंतर १९५२ हे वर्ष या इतिहासात मोठे ठरले. परकी प्रसाधनांवर देशाचे परकीय चलन खर्च होते, ते थांबावे म्हणून पंडित नेहरूंनी जे. आर. डी. टाटांना देशी प्रसाधने काढण्यास सुचविले, असे सांगितले जाते. टाटा ऑइल मिल्सच्या छत्राखाली 'लॅक्मे' निघाली ती याच साली. नाव एका फ्रेंच संगीतिकेचे; आणि त्या संगीतिकेच्या नायिकेचे नाव म्हणजे आपल्या लक्ष्मीचाच फ्रेंच उच्चार. १९६१ साली सिमोन टाटा या कंपनीच्या कामात आल्या आणि त्यांच्या हाताखाली ती वाढली. त्याच १९५२ साली केशव विष्णु पेंढरकर यांनी मुंबईस परळ भागात 'विको'चा उद्योग मांडला. आरंभी दंतमंजन, आणि पुढे सत्तरच्या दशकात हळदीचे क्रीम. एक उद्योग टाटांचा आणि एक परळच्या मराठी माणसाचा. परंतु मध्यमवर्गीय आणि कामगार घरांतील फळीवर दोघांच्या वस्तू शेजारीशेजारी बसल्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

विकोच्या क्रीमवरून एक नामांकित वाद झाला. हळदीचे क्रीम हे औषध की प्रसाधन? प्रसाधन म्हटले तर अबकारी कर जबर, आयुर्वेदिक औषध म्हटले तर सौम्य. १९७८ साली सुरू झालेला हा तंटा वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला आणि शेवटी ते औषध ठरले. ज्या वस्तूवर कर अधिक ती चैन, ज्यावर कमी ती गरज, असे सरकारचे मोजमाप असते. आजही तसेच आहे. वस्तू व सेवा करात कुंकू, टिकली, शेंदूर, अळता आणि काजळ यांवर कर नाही. सप्टेंबर २०२५ पासून साबणाची वडी, टाल्कम पावडर आणि फेस पावडर ५ टक्क्यांवर आली. क्रीम मात्र १८ टक्क्यांवरच आहे. कुलंटच्या तेलात आणि सोड्याच्या पाण्यात आठ तास हात घालणाऱ्या बाईच्या भेगाळलेल्या हाताला लावावयाचे क्रीमही या हिशेबात चैनच ठरते. या बाबीवर संघटनांनी आजवर निवेदन दिले नाही, ही आमची चूक आम्ही येथे जाहीरपणे पदरी घेतो.

आमच्याच क्षेत्रातील एक पराभवही नोंदविला पाहिजे. हमाम साबण काढणारी टाटा ऑइल मिल्स ही कंपनी १९९३ साली हिंदुस्थान लीव्हरमध्ये विलीन झाली. लीव्हरच्या कामगार संघटनेने हा विलीनीकरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९९४ साली निकाल संघटनेच्या विरुद्ध लागला. पुढे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात लॅक्मेही लीव्हरकडे गेली. परकीय चलन वाचविण्यासाठी निघालेली कंपनी पंचेचाळीस वर्षांत परकी छत्राखाली गेली, हा इतिहासाचा विनोद म्हणावा की धडा, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

बरणीनंतर आली पुडी. ऐंशीच्या दशकात तामिळनाडूतील कडलूरच्या एका कुटुंबाने शाम्पू पुडीत घालून विकण्याचा मार्ग रूढ केला. तोवर शाम्पूची बाटली ही मोठ्या पगाराची वस्तू होती. पुडीने ती रोजंदारीच्या हिशेबात आणून बसविली. आठवड्याला पगार मिळणाऱ्याला महिन्याची बाटली घेता येत नाही, पण सुट्टीच्या दिवसाची पुडी घेता येते. हा मोठाच फरक होय. मात्र पुडी घेताना तिचा भाव न पाहता ग्रॅमचा भाव पाहावा. कधी पुडी स्वस्त पडते, कधी बाटली. अलीकडे वेष्टनावर ग्रॅमचा वा मिलिलिटरचा भाव छापण्याचा नियम झाला आहे. तो आकडा बारीक अक्षरांत असतो, पण असतो.

याच काळात बाजाराने आणखी एक गोष्ट विकावयास काढली, ती म्हणजे गोरेपणा. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' निघाले. पंचेचाळीस वर्षांनी, २०२० साली, त्याच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला. शब्द गेला, पण तोवर गोरेपणाची भूक घरोघर पोचली होती आणि त्या भुकेवर पोट भरणारे बिननावाचे धंदे उभे राहिले होते. आमच्या मुलीची डबी तिथलीच.

अशा डब्यांत पुष्कळदा पारा असतो. कातडीला रंग देणारे द्रव्य शरीरात तयार होते. पारा ती क्रियाच अडवितो, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो. पण पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. २०२३ साली अकोल्याच्या एकाच घरातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे प्रसिद्ध झाले, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शोध घेता मूळ निघाले ते उजळपणाच्या क्रीमात. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातही त्याच वर्षी असेच रुग्ण आढळले. दुसरा धोका स्टेरॉइडच्या मलमांचा. ही मलमे खाज-इसबाची. वैद्याच्या सल्ल्याने थोडे दिवस लावावयाची. ती रोज चेहऱ्याला लावली की आधी उजळपणा येतो आणि मग कातडी पातळ होऊन आग सुरू होते. २०१८ साली अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने केला. आमच्या मुलीची डबी ससूनच्या डॉक्टरांनी हातात घेऊन पाहिली, त्यांचा संशय यावरच होता.

कायदा नाही असे नव्हे. १९४० चा औषधांचा कायदा १९६२ साली दुरुस्त झाला आणि प्रसाधने त्याच्या कक्षेत आली. अफगाण स्नो निघाल्यापासून चाळीसहून अधिक वर्षे लोटल्यावर! २०२० साली प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम झाले. त्यान्वये डबीवर कारखान्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकद्रव्ये छापणे भाग आहे. तेव्हा ज्या डबीवर ही पाच नाहीत ती फुकट दिली तरी घेऊ नये. हे एवढे एक वाक्य जरी आपण घरी नेलेत तरी आमचे भाषण कारणी लागले असे आम्ही समजू.

आता त्या मुलीच्या दोनशे रुपयांकडे येऊ. शोधाअंती आम्हांस जे कळले ते असे. रोजच्या वापराला चार वस्तू पुरतात. तोंड धुण्यास सौम्य साबण. धुतल्यावर साधे, सुगंध कमी असलेले ओलावा राखणारे क्रीम. आणि हातापायांच्या भेगांना ग्लिसरीन किंवा पेट्रोलियम जेली. ही जेली अमेरिकेत १८७२ पासून 'व्हॅसलीन' या नावाने विकली जाते. तिच्याइतकी स्वस्त आणि निरुपद्रवी वस्तू क्वचितच सापडेल. उन्हात काम असेल तर उन्हापासून रक्षण करणारे क्रीम. डाग काळे पडतात ते बरेचसे उन्हाने, आणि ओढणी हेही उत्तम साधन आहे. चौथी वस्तू आवडीची. काजळ म्हणा, टिकली म्हणा, ओठांचा रंग म्हणा. टिकलीविषयी एक सूचना. काही टिकल्यांच्या गोंदातील एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो, हे आपल्याकडील त्वचारोगतज्ज्ञांनी १९९० च्या सुमारासच लिहून ठेवले आहे. खाज आली की ती टिकली बदलावी; रात्री काढून ठेवावी.

कुंचल्याविषयी मुली विशेष विचारतात. जनावराच्या केसांचा कुंचला तो भारी, अशी समजूत आहे. मुंगसाच्या केसांचे रंगाचे कुंचले करण्यास तर वन्यजीव कायद्याने बंदी आहे. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनचे केस दातांच्या ब्रशला लागले आणि तेव्हापासून कृत्रिम केसांचे युग सुरू झाले. आजचा साधा नायलॉनचा कुंचला क्रीम पीत नाही, म्हणून क्रीम वाया जात नाही. साबणाने लवकर धुतला जातो आणि लवकर वाळतो. विकत घेताना केस हलकेच ओढून पाहावेत. गळले तर परत ठेवावा. एक मऊ मोठा पावडरीचा आणि एक बारीक, असे दोन पुष्कळ झाले. आठवड्यातून एकदा धुवावा आणि दुसऱ्याचा वापरू नये. लाइनवर एकच कुंचला दहा जणींत फिरतो, तिथून पुरळही फिरते.

खरेदी कोठे करावी? पिंपरीच्या कॅम्पात करावी, नाही तर पुण्यास तुळशीबागेत. पेशवाईत नारो आप्पाजी खिरे यांनी बांधलेल्या राममंदिराभोवती ही बाजारपेठ वाढली आणि पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या लहानसहान गरजा तिने भागविल्या. तेथे कुंचले, फण्या, आरसे, पिशव्या घासाघीस करून अवश्य घ्याव्यात. पण जे कातडीला लागते ते डबी उलटी करून वाचल्याखेरीज घेऊ नये, मग दुकान फुटपाथवरचे असो की काचेचे.

एक गोष्ट मात्र दोनशे रुपयांत मिळत नाही आणि ती बाईने विकत घ्यावयाचीही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४२ व्या कलमाने कामगारांना हात-तोंड धुण्याची पुरेशी सोय, स्त्रियांसाठी वेगळी आणि आडोशाची, देणे मालकावर बंधनकारक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही स्त्रीपुरुषांसाठी स्वतंत्र सोय सांगितलेली आहे. ज्या शेडमध्ये शंभर मुलींना एक नळ आहे, तेथे कातडीची निगा हा क्रीमचा प्रश्न राहत नाही, तो नळाचा प्रश्न होतो. आणि नळाचा प्रश्न एकटीने सुटत नाही. तो मागणीपत्रकात घालावा लागतो. यंदाच्या आमच्या मागणीपत्रकात तो घातला आहे. साबण, नळ आणि हाताचे क्रीम, अशी तीन उपकलमे आहेत. व्यवस्थापनाच्या माणसाने ती वाचून स्मित केले. आम्ही आमच्या बाजूने हातांची छायाचित्रे टेबलावर ठेवली, तेव्हा ते थांबले.

त्या मुलीचे गाल आता बरेच निवळले आहेत. डाव्या गालावर एक डाग राहिला आहे, तो राहील असे डॉक्टर म्हणतात. ते स्थळ मोडले. पण तिच्या लाइनवरची कोणतीही मुलगी नवी डबी आणली की आधी तिच्या हातात देते. ती ती उलटी करते, परवाना क्रमांक शोधते, आणि नसेल तर परत करावयास लावते. आमच्या कचेरीच्या फळ्यावर तिनेच खडूने त्या पाच गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. पगारवाढीच्या आकड्यांसाठी जागा कमी पडते, तरी आम्ही तो मजकूर पुसलेला नाही.